डबल प्रमोशन मागण्याआधी: वर्गाच्या पुढे असलेल्या मुलासाठी शाळेशी बोलणी कशी करायची

"मॅडम, आमच्या पोराला वर्गात बोअर होऊन राहिलं, त्याला वरच्या वर्गात टाका ना." नागपुरातल्या कोणत्याही मुख्याध्यापकांना हे वाक्य नवं नाही. त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: "नियमात बसत नाही." आईवडील हिरमुसून घरी येतात, शाळेच्या नावाने बोटं मोडतात आणि मूल चौथीच्या वर्गात खिडकीबाहेर बघत बसतं.

मी आधी गणित शिकवत होते, नंतर पर्यवेक्षिका झाले. त्यामुळे अशी संभाषणं टेबलाच्या पलीकडून, म्हणजे शाळेच्या बाजूने, पुष्कळ ऐकली आहेत. बहुतेक वेळा मागणी योग्य असते, पण ती चुकीच्या आकारात येते. पालक एकदम अख्खा वर्ग मागतात. शाळेला तो देणं जड जातं, आणि मुलालाही बरेचदा त्याची गरज नसते. एक विषय, एक सत्र आणि आढाव्याची एक ठरलेली तारीख एवढंच मागितलं, तर हो म्हणणाऱ्या शाळा निघतात. ही मागणी कशी बांधायची, ते इथे क्रमाने सांगते.

आधी काय मागायचं ते ठरवा

मुलाला पुढे नेण्याचे ढोबळ तीन मार्ग आहेत. पहिला, भाग आटोपता घेणं. मूल आपल्याच वर्गात बसतं, पण त्याला जे येतं त्याचा सराव पुन्हा पुन्हा करत नाही, आणि वाचलेल्या वेळात त्याला वेगळं, अवघड काम मिळतं. दुसरा, एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसणं. तिसरा, पूर्ण वर्ग ओलांडणं, म्हणजे आपण ज्याला डबल प्रमोशन म्हणतो ते.

पहिल्या दोन मार्गांत शाळेच्या कागदांना हात लागत नाही. जनरल रजिस्टरमध्ये मूल चौथीतच राहतं, यू-डायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) चौथीतच राहतं, गुणपत्रकही चौथीचंच मिळतं. तिसऱ्या मार्गात हे सगळं बदलावं लागतं. यू-डायसमध्ये शाळा दरवर्षी प्रत्येक मुलाची पुढच्या वर्गातली बढती नोंदवते. मधला एक वर्ग गाळलेलं मूल तिथे कसं दाखवायचं, या विचारानेच मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतात. "नियमात बसत नाही" या वाक्यामागे बऱ्याचदा हीच धास्ती असते. त्यातून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि तिच्यात नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं. म्हणून हे दोन वर्ग गाळण्याचा विषय तर मी काढणारच नाही.

कायद्याचा धाक दाखवायला जाऊ नका. शिक्षण हक्क कायद्यातलं वयानुरूप वर्गात बसवण्याचं कलम ४ शाळाबाह्य मुलांसाठी आहे, ते इथे लागू होत नाही. कामाचं आहे ते कलम २९. मुलाचं ज्ञान, क्षमता आणि प्रतिभा फुलवणारा, त्याच्या शारीरिक-मानसिक क्षमतांचा पुरेपूर विकास करणारा अभ्यासक्रम असावा, असं ते सांगतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही (परिच्छेद ४.४३ ते ४.४६) विशेष गती असलेल्या मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं असं म्हटलं आहे. वर्ग ओलांडण्याचा हक्क यातून मिळत नाही. पण अर्जात या दोन गोष्टींचा एका ओळीत उल्लेख केला, तर मुख्याध्यापकांना संस्थेपुढे बोलायला आधार मिळतो.

पुरावा गोळा करा

"खूप हुशार आहे" हे शाळेसाठी पुरावा नसतं. वर्गात पहिला नंबर हाही नसतो. चौथीच्या पेपरात ९८ मिळाले, यावरून एवढंच कळतं की चौथीचा पेपर त्याला पुरला नाही. त्याचं छत किती उंच आहे ते कळण्यासाठी वरच्या वर्गाचा पेपर द्यावा लागतो. मानसशास्त्रज्ञ जूलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा हीच युक्ती वापरली. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशाची परीक्षा दिली. आपण तेच घरी, लहान प्रमाणात करायचं.

मुलगी चौथीत आहे असं धरू. ई-बालभारतीवरून पाचवीचं गणिताचं पुस्तक उतरवून घ्या, ते फुकट आहे. शाळा सीबीएसईची असेल तर एनसीईआरटीचं. पाचवीतल्या ओळखीच्या मुलाकडून मागच्या वर्षीची प्रथम सत्र आणि वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मागून घ्या. आधी काहीही न शिकवता, घड्याळ लावून, एका शनिवारी एक आणि पुढच्या शनिवारी दुसरी सोडवायला द्या. मदत नाही, इशारा नाही. उत्तरपत्रिका जपून ठेवा, खाडाखोडीसकट. माझा ठोकताळा असा: न शिकवता सत्तरच्या वर गुण असतील तर विषय पुढे न्यायला हरकत नाही. ऐंशीच्या वर असतील तर सहावीची प्रश्नपत्रिकाही देऊन बघा. चाळीस-पन्नास असतील तर मूल नक्कीच चलाख आहे, पण त्याला वरचा वर्ग नको, आहे त्याच वर्गात जास्त खोल काम हवं.

शाळेला इथे एक शंका येतेच, आणि ती रास्त असते: हे क्लासने पुढचं शिकवून ठेवलं असेल. आपल्याकडे दुसरीतली पोरंही ट्यूशनला जातात, अबॅकस करतात. अबॅकसचा वेग आणि गणिताची समज या वेगळ्या गोष्टी आहेत. शंका फेडायला पुस्तकात नसलेला एखादा प्रश्न द्या. उदाहरणार्थ: टोपलीतली संत्री तिघांत सारखी वाटली तर दोन उरतात, पाच जणांत वाटली तर तीन उरतात, तर संत्री कमीत कमी किती? आठ हे उत्तर पुष्कळ मुलं चाचपडत काढतात. खरी मजा पुढे आहे. विचारा, "आणखी कोणत्या संख्या चालतील?" मूल २३ आणि ३८ शोधतं, दर वेळी पंधराच वाढतात हे त्याच्या लक्षात येतं, आणि पंधराच का ते ते आपल्या शब्दांत सांगू पाहतं. असं मूल पाठांतरावर चाललेलं नाही. त्याचं ते स्पष्टीकरण जसंच्या तसं लिहून घ्या, तारीख टाका. शिक्षकांना हा एक कागद दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त पटतो.

भाषेत पुढे असलेल्या मुलाचा पुरावा वेगळा असतो. वाचलेल्या पुस्तकांची यादी दिल्याने काही सिद्ध होत नाही. वरच्या वर्गाच्या पुस्तकातला न पाहिलेला उतारा आणि त्यावर त्याने स्वतः लिहिलेलं एक पान द्या.

बुद्धिमापन चाचणी करायची का?

एका विषयापुरती मागणी असेल तर गरज नाही, पैसे वाचवा. पूर्ण वर्गाचा विचार असेल, किंवा मूल तोंडी तल्लख आणि लिखाणात फार मागे असं कोडं असेल, तर करा. चाचणी नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून घ्यावी.

आपल्याकडे बिने-कामत चाचणी, रेव्हन यांच्या आकृत्यांची चाचणी आणि मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी जास्त वापरात आहेत. शेवटची तर आपल्या गावची: डॉ. आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लर यांच्या अमेरिकन चाचणीचं हे भारतीय रूप १९६० च्या दशकात नागपुरातच तयार केलं. साडेपाच दशकांहून जुन्या मानकांवर आजच्या मुलांचे आकडे फुगून येण्याची शक्यता असते, म्हणून नुसत्या एका बुद्ध्यांकावर विसंबू नका. अहवालात शाब्दिक आणि कृतीच्या भागांचे गुण वेगवेगळे मागा, शेकडेवारीतलं स्थान मागा, आणि "शाळेत काय बदल करावा" यावर मानसशास्त्रज्ञांकडून दोन ओळी लिहून घ्या. शाळा त्या दोन ओळीच वाचते.

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून 'मिडब्रेन' जागा करणाऱ्या मंडळींपासून लांब राहा. त्याला शास्त्रीय आधार नाही. तो रंगीत अहवाल घेऊन शाळेत गेलात तर तुमचे खरे पुरावेही कुणी बघणार नाही.

वयाचं गणित कागदावर मांडा

हे गणित न करता वर्ग मागणारे पालक पाहिले की मला काळजी वाटते. महाराष्ट्रात पहिलीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात. नीट परीक्षेला प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात. समजा मूल २०२४ मध्ये पहिलीत गेलं आणि त्याच वर्षी त्याला सहा पूर्ण झाली. सरळ गेलं तर बारावी २०३६ मध्ये, तेव्हा वर्षअखेर वय अठरा. एक वर्ग ओलांडला तर २०३५ मध्ये, वय सतरा, चालतं. दोन ओलांडले तर २०३४ मध्ये सोळा, आणि नीटचं दार वर्षभर बंद. वैद्यकीयचा विचार असणाऱ्या घराला एक वर्ग परवडतो, दोन नाही.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करायची म्हटली तर किमान वय चौदा आहे, ते सहसा आड येत नाही. नवोदयचं मात्र आधी बघा. सहावीच्या प्रवेशासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी हे तिन्ही वर्ग प्रत्येकी पूर्ण वर्षभर केलेले असावे लागतात. नवेगाव खैरीच्या नवोदयवर डोळा असलेल्या पालकांनी यातला एखादा वर्ग गाळला, तर तो रस्ताच संपतो. शालेय क्रीडा स्पर्धांची चिंता नको, त्यांचे गट वयावर असतात, वर्गावर नाही.

कधी आणि कोणाकडे जायचं

सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी. वेळापत्रक त्याआधी बसवलं जातं. म्हणून पहिली भेट जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. जुलैत गेलात तर सगळे तास वाटून झालेले असतात.

आधी वर्गशिक्षिका, मग वरच्या वर्गाचे विषयशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक. हा क्रम ओलांडू नका. थेट संस्थेच्या पदाधिकाऱ्याकडून फोन करवणं ही आपल्याकडची आवडती चाल आहे. त्याने होकार मिळतोही, पण ज्या बाईंच्या वर्गात मूल वर्षभर बसणार त्यांच्या मनात अढी बसते. वर्गशिक्षिकांकडे पालकसभेच्या गर्दीत बोलू नका, वेगळी वेळ मागा. पहिला प्रश्न असा विचारा: "मॅडम, तुम्हाला ती वर्गात कशी वाटते? काम लवकर संपलं की काय करते?" मग गप्प बसा आणि ऐका. घरी न दिसणाऱ्या गोष्टी इथे कळतात: ती इतरांची उत्तरं फोडते, वही अर्धवट ठेवते, किंवा मुद्दाम हळू लिहिते. "कंटाळते" हा शब्द तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. शिक्षकाला तो 'तुम्ही कंटाळवाणं शिकवता' असाच ऐकू येतो.

भेटीनंतर अर्ज द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. मजकूर साधारण असा:

*मा. मुख्याध्यापक, यांस सविनय. माझी मुलगी इयत्ता चौथी 'ब' मध्ये शिकते. वर्गशिक्षिकांशी झालेल्या चर्चेनुसार तिला चौथीच्या गणितातील बहुतांश घटक अवगत आहेत. पाचवीच्या दोन प्रश्नपत्रिका तिने पूर्वतयारीशिवाय सोडवल्या असून उत्तरपत्रिका सोबत जोडल्या आहेत. शाळेने स्वतः तिची चाचणी घ्यावी आणि योग्य वाटल्यास प्रथम सत्रापुरती तिला गणिताच्या तासाला पाचवीच्या वर्गात बसण्याची अनुमती द्यावी, ही विनंती. तिची नोंद व परीक्षा इयत्ता चौथीतच राहील. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आढावा घेऊन पुढील निर्णय शाळेने घ्यावा, तो आम्हाला मान्य राहील.*

यातलं "शाळेने स्वतः चाचणी घ्यावी" हे वाक्य महत्त्वाचं आहे. तुमच्या घरच्या पेपरवर शाळा विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. आणि "नोंद चौथीतच राहील" हे वाचलं की मुख्याध्यापकांचा अर्धा ताण उतरतो.

प्रयोग बसवताना येणाऱ्या अडचणी

पहिली अडचण पाळीची. नागपुरातल्या कितीतरी जुन्या मराठी शाळांत प्राथमिक आणि माध्यमिकच्या पाळ्या वेगळ्या, कधी इमारतही वेगळी, मुख्याध्यापकही वेगळे. चौथीतून पाचवीच्या तासाला जाणं म्हणजे कागदोपत्री दुसऱ्या शाळेत जाणं. दुसरीतून तिसरीला किंवा सहावीतून सातवीला जाणं त्या मानाने सोपं. पाळी आड येत असेल तर मुलीला वरच्या वर्गात पाठवण्याऐवजी वरच्या वर्गाचं काम तिच्या बाकावर आणा: पाचवीचं पुस्तक, आठवड्याला ठरलेला घटक, आणि पाचवीच्या शिक्षकांनी पंधरा दिवसांतून एकदा वही बघणं.

दुसरी अडचण तासांची. चौथीचं गणित आणि पाचवीचं गणित एकाच वेळी नसतं. मग ती पाचवीच्या गणिताला जाईल तेव्हा चौथीत परिसर अभ्यास चालू असेल. तो बुडालेला भाग कोण भरून काढणार? उत्तर आधीच ठरवा: घरी, आमची जबाबदारी. चित्रकला किंवा खेळाचा तास मात्र यासाठी कधीही कापू देऊ नका. मित्र तिथेच होतात.

तिसरी अडचण गुणांची. तिने आपल्या वर्गाचं आकारिक आणि संकलित मूल्यमापन द्यावंच, गुणपत्रकात तेच जाईल. वरच्या वर्गाची चाचणीही द्यावी, पण ती फक्त आढाव्यासाठी. आणि चौथीचा गृहपाठ? इथे आग्रह धरा. दोन्ही वर्गांचा गृहपाठ करायला लावणं ही हुशारीची शिक्षा झाली. चौथीच्या घटकचाचणीत नव्वदच्या वर असेपर्यंत त्या घटकाचा गृहपाठ माफ, अशी अट बहुतेक शिक्षक मान्य करतात.

सेमी इंग्रजीच्या शाळेत आणखी एक गोष्ट निघते. जिथे गणिताचं माध्यम वरच्या वर्गात बदलतं, तिथे मुलीला अपूर्णांक येतो, पण वर्गात 'न्यूमरेटर' ऐकून ती बावरते. दोन आठवडे आधी शब्दांची यादी करून घेतली की पुरतं.

पूर्ण वर्गाचाच प्रश्न आला तर

विषयाचा प्रयोग सत्रभर नीट चालला आणि एकापेक्षा जास्त विषयांत तेच चित्र दिसलं, तरच हा विचार करा. संशोधन पालकांना वाटतं त्यापेक्षा बरंच अनुकूल आहे. नीट निवडून पुढे नेलेली मुलं वयाने मोठ्या वर्गमित्रांच्या बरोबरीने टिकतात, आणि भावनिक नुकसानाची जी भीती सगळे घालतात ती सरसकट खरी ठरलेली नाही. फक्त "नीट निवडून" हे शब्द विसरू नका. अमेरिकेत आयोवा इथे या निर्णयासाठी तयार केलेली एक मोजपट्टी आहे. तिच्यात चार गोष्टींपैकी एकही असली तरी वर्ग ओलांडू नये असं स्पष्ट आहे: बुद्ध्यांक ११५ च्या खाली, भावंड आत्ता त्याच वर्गात, भावंड त्या वरच्या वर्गात, किंवा मुलाचीच इच्छा नाही. भावंडाचा मुद्दा आपल्या घरांत कोणी मनावर घेत नाही. सहावीतल्या दादाच्या बाकाशेजारी चौथीतून उडी मारलेली बहीण येऊन बसली, तर त्या दादाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मुलाची इच्छा आईवडिलांनी विचारू नये, ते तुम्हाला हवं तेच सांगेल. शाळेतल्या समुपदेशकांना किंवा त्याच्या आवडत्या बाईंना विचारू द्या. लिखाणाचा वेगही मोजा. आपल्या परीक्षा हाताने लिहायच्या असतात, आणि आठ वर्षांच्या मुलाचं डोकं पाचवीचं असलं तरी बोटं आठ वर्षांचीच असतात. वरच्या वर्गातला एक परिच्छेद दहा मिनिटांत किती ओळी उतरवतो ते पाहा. फार मागे असेल तर वर्षभर थांबायला तेवढं एक कारण पुरेसं आहे. एकदा वर्ग बदलला की जन्मतारीख सोडून सगळ्या नोंदी कशा लिहिल्या जाणार, ते मुख्याध्यापकांकडून आधी समजून घ्या. पुढे शाळा सोडल्याचा दाखला काढताना घोळ नको.

शाळा नाहीच म्हणाली तर

शाळा बदलणं हा पहिला विचार असतो, आणि तो सहसा निरुपयोगी. नवी शाळा दाखल्यावरचाच वर्ग बघते. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करूनही फारसं काही हाती लागत नाही, कारण शाळेने कुठला नियम मोडलेला नसतो. त्यापेक्षा नकार नेमका कशाला आहे ते विचारा. वरच्या वर्गात बसवायला नकार असेल, तर भाग आटोपता घेण्याला आणि बाकावर वेगळं काम देण्याला क्वचितच असतो. आठवड्यातले दोन गणिताचे तास ग्रंथालयात बसू देणं एवढंही पुष्कळ आहे.

बाकीचं शाळेबाहेर करा. गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र एकदाच सहलीला जाऊन बघण्याची जागा नाही, पुन्हा पुन्हा न्या. सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, तिच्यात प्रयोग आणि प्रकल्पही असतात. आठवीपासून गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी देता येते, आणि तिथले प्रश्न कोणत्याही वर्गाच्या पुस्तकापेक्षा खोल असतात. असल्या मुलाला दहावीचं गणित सातवीत संपवण्यापेक्षा हे जास्त मानवतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

होकार मिळाला असेल तर मार्चमध्ये एक काम राहतं. आपल्याकडे वर्गशिक्षक दरवर्षी बदलतात आणि तोंडी ठरलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. कोणते घटक झाले, कोणते राहिले, कुठे अडलं, गृहपाठाबद्दल काय ठरलं होतं, हे एका पानावर लिहा, त्यावर या वर्षीच्या शिक्षकांची सही घ्या, आणि नवं वेळापत्रक बसण्याआधी ते पान पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या.